मीठखात्याचा साहेब जेवायला बसला

मी फितूर नाही. तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. पण माझ्याच घरात, माझ्या हातचं खाणाऱ्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. भुकेल्याला जेवायला बसवणं ही फितुरी असेल, तर माझ्या माहेरचं गव्हाण गाव अख्खं फितूर आहे.

आमची भाविका खेळ बनवते. मला आधी वाटलं, सापशिडीसारखं काहीतरी असेल. तसं नाही. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने कुणीतरी वेगळंच माणूस व्हायचं आणि त्या माणसासारखं बोलायचं. काय काय घडतंय ते एकजण सांगणार, कुठे अडलं की फासा टाकायचा. (आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत हेच चालतं, फक्त फासा नसतो.) तिच्या खेळातलं गाव इंग्रजांच्या राज्यातलं. तेव्हा मिठावर कर होता, सरकारला चुकवून मीठ काढलं तर गुन्हा. माझा बाप मिठागरात राबला. त्याने त्याच्या आजाकडून ऐकलेलं नातीला सांगितलं आणि तिने नोकरी सांभाळून, सगळे रविवार त्यात घालून, त्यातून हे गाव उभं केलं.

त्या दिवशी आमच्या सुकापूरच्या घरी पुण्याहून कादंबरी मॅडम यायच्या होत्या. त्यांची कंपनी असले खेळ छापते. खेळून बघणार, पटलं तर घेणार, नाहीतर राम राम. आणि ऐन वेळी भाविकाच्या दोन मैत्रिणींनी येत नाही म्हणून कळवलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, आमी बसतो. माझं चुकलं ते एवढंच.

"आई, तू?"

"का? मला बोलता येत नाय?"

"येतं ना. तीच भीती आहे."

बसलो. भाविका गोष्ट सांगणारी. तिचा मित्र सुशांत गावचा पाटील. आमचे हे होडीवाले. मी मिठागरातली बाई. (बाकीचे सगळे कोण कोण झाले, मी आपली होते तिथेच.) मॅडम झाल्या मीठखात्याचा साहेब. गावाने चोरून काढलेलं मीठ माझ्या घरात, तांदळाच्या कणगीत तळाशी लपवलेलं. ते साहेबाला सापडलं की सगळं गाव तुरुंगात.

साहेब आला. सुशांत म्हणाला, साहेब, गावात चिमूटभर मीठ नाही, लोक अळणी खातात. पोरगा काय खोटं बोलला म्हणता, मलाच आमची दया आली. ह्यांना विचारलं तेव्हा हे म्हणाले, माझी होडी गळते. पुढेही ह्यांना जे विचारलं त्याला ह्यांचं उत्तर हेच, होडी गळते. कोर्टात उभं केलं असतं तरी माणूस सुटला असता.

मग साहेब माझ्या ओटीवर टेकला. दुपारची वेळ, उन्हातून आलेलं माणूस. इंग्रजांचा असला म्हणून काय झालं? मी म्हटलं, जेवून जा. टेबलाखालून भाविकाने मला लाथ मारली. (जन्मदात्या आईला.) मॅडमनी खोटे खोटे दोन घास खाल्ले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बाई, आमटी अळणी आहे हो तुमची."

आता इथे 'हो साहेब, अळणीच आहे' एवढं म्हणायचं होतं. पाच वर्षांच्या पोराला जमलं असतं. पण माझ्या आमटीला आजवर सासूने नाव ठेवलं नाही, आणि ती कशालाही नावं ठेवायची. माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची सरकवून उभी राहिले.

"अळणी? माझ्या हातची? थांबा तुमी. कणगीत हात घालते, मूठभर मीठ टाकते, मंग बोला."

सुशांतने कपाळाला हात लावला. मॅडम एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "कुठली कणगी?"

गेलं गाव तुरुंगात.

खेळाचा शेवट असा की तुरुंगातल्या गावाने फितूर कोण ते ठरवायचं. एकमुखाने, मोठ्याने नाव घेऊन. एकही माणूस गप्प राहिला तर खेळ संपत नाही. ज्याच्यावर आळ त्याला मत नाही. (हा कायदा नक्की इंग्रजांचाच.) मॅडम आता साहेबाच्या पुन्हा मॅडम झाल्या होत्या. म्हणाल्या, शेवट जमतो का तेच बघायचंय, बहुतेक खेळ इथेच पडतात.

मी सगळ्यांना समजावलं की मी फक्त जेवायला वाढलं. कुणी ऐकलं नाही. सुशांतने सॉरी काकी म्हणत माझं नाव घेतलं. राहिले हे.

"बाबा, बोला. फितूर कोण?"

"होडी गळते," हे म्हणाले.

"बाबा."

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. भाविका म्हणाली, बोट चालत नाही, नाव घ्या.

आता तिला काय सांगायचं? लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझं नाव घेतलेलं नाही. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी 'अगो', नाहीतर 'भाविकाची आई'. मांडवात सगळ्यांनी नावासाठी धरलं, तेव्हा हे पाण्याचा टँकर आला का बघायला गेले ते पंगत उठल्यावर आले. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं की हे माझ्याकडे बघतात.

मॅडमनी पर्स जवळ ओढली. भाविका हसत होती, पण मुठीतला फासा तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. दहावीच्या निकालाला अशीच बसली होती, तेव्हा मुठीत माझा पदर होता. मला वाटलं, जाऊ दे. फितूर तर फितूर.

"घ्या वो नाव," मी म्हटलं. "पोरीचं काम हाय."

मॅडमनी खेळ घेतला, तो छापायला गेलाय, हे आत्ताच सांगून टाकते. कारण त्यानंतर कोण काय बोललं ते मला नीट ऐकूच आलं नाही. ह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. घसा साफ केला. कान लाल लाल झाले, नवरदेव होते तेव्हाही एवढे झाले नव्हते. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते निघालं ते असं, तुरुंगात, परक्या साहेबासमोर, फितूर म्हणून. माझ्याकडे बघत, अगदी हळू, हे म्हणाले,

"गुणाबाई."