तोंड फिरवलेले अकरा बाक

माझ्याबद्दल मीच बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतं. मी जीवराम नाना. एकतीस वर्षं धरणगाव तालुक्यात विजेचे मीटर वाचले. ज्याने एवढे मीटर वाचले, त्याला माणसाचा चेहरा म्हणजे पहिलीचं पुस्तक. निवृत्त झाल्यावर मी घराबाहेरच्या भिंतीवर निळी पाटी लावली: ‘जीवराम नाना, गुन्हे शोधक. वेळ: जेवण सोडून केव्हाही.’ तीन वर्षांत सात प्रकरणं हाताळली. चार आपोआप सुटली. तीन अजून माझ्या हातात आहेत, म्हणून सुटलेली नाहीत, असं माझी बायको कुंदाबाई म्हणते.

एप्रिलातल्या एका सकाळी सरपंच प्रेमराज आबा स्वतः पाटीखाली येऊन उभे राहिले.

“नाना, गावात मोठा कट शिजतोय.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण शोधकाने पहिल्याच वाक्याला मागे पडू नये.

कट असा होता. आबांनी वर्षभरात गावात सिमेंटचे तेवीस बाक बसवले होते. प्रत्येकावर लाल अक्षरांत ‘सौजन्य: प्रेमराज आबा’. आता हे नाव टेकायच्या बाजूला लिहिलं, तर माणूस बसला की झाकलं जातं. आबा हुशार. त्यांनी नाव टेकणीच्या मागच्या बाजूला लिहवलं आणि ती बाजू रस्त्याकडे केली. येणाऱ्याजाणाऱ्याला आबा दिसायचे. बसणाऱ्याला भिंत.

“तेवीसपैकी अकरा बाक कोणीतरी उलटे फिरवले,” आबा म्हणाले. “माझं नाव आता भिंतीकडे. निवडणूक पाच महिन्यांवर, आणि माझं नाव वाचतंय कोण, तर पाली.”

“पोलीस काय म्हणतात?”

“बाक चोरीला गेला तर या म्हणतात. नुसता फिरला तर येऊ नका.” आबांनी आवाज खाली आणला. “छडा लावा, नाना. चोविसावा बाक तुमच्या दारात.”

इथे गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या ग्रामसभेबद्दल सांगायला हवं. तेव्हा दोन मागण्या होत्या. एक बाकांची. दुसरी भागाबाईंची. भागाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. टाकीपासून शाळेकडे जाणारा पाइप दोन वर्षांपूर्वी खोदकामात फुटला, तेव्हापासून शहाऐंशी पोरांच्या खिचडीसाठी नि पिण्यासाठी त्या रोज स्टँडवरच्या हातपंपावरून चौदा हंडे वाहतात. आबांनी विचारलं, बाक कोणाला हवेत? सगळी सभा हात वर करून उभी राहिली, कारण प्रत्येकाला तो आपल्या दारासमोर दिसत होता. मग विचारलं, पाइप कोणाला हवा? सहा हात वर झाले. त्यातले दोन भागाबाईंचेच होते.

“पाइपाचं बघू,” आबा म्हणाले होते. “पोरांना मत नाही. आणि जमिनीखाली गेलेल्या कामाला हार कुठे घालायचा?”

माझा हात कशासाठी वर होता, हे विचारू नये. मी शोधक आहे. चौकशी मी करतो.

पहिला संशय उघड होता. समाधानभाऊ. विरोधी पॅनेलचे प्रमुख, पिठाच्या गिरणीचे मालक. मी गिरणीत जाऊन त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. पिठामुळे मलाच शिंका आल्या.

“मी कशाला फिरवू?” समाधानभाऊ शांतपणे म्हणाले. “मी निवडून आलो की त्याच बाकांवर रंग मारून माझं नाव लिहायचं शे. फिरवताना कोपरा तुटला तर नुकसान कोणाचं?”

असा बाणेदार नकार मी आजवर ऐकला नव्हता. त्यांचं नाव खोडलं.

दुसरा संशय वावटळीवर. पण अकरा वावटळींनी अकरा बाक बरोबर अर्धेच फिरवून थांबावं, एवढी शिस्त आमच्याकडे माणसांतही नाही. तिसरा संशय एका म्हशीवर. चार नंबरच्या बाकावर तिचे केस सापडले. मी तिला अर्धा तास प्रश्न विचारले. ती रवंथ करत राहिली. वहीत मी लिहिलं: ‘मौन. संशयास्पद.’ पण उरलेल्या दहा बाकांवर केस नव्हते.

मग मला माझा सर्वांत मोठा सिद्धांत सुचला. बाकांच्या आत लोखंडी सळ्या असतात. आमच्या पूर्वेला भुसावळ. तिथे केवढं जंक्शन, केवढे रूळ. लोखंड लोखंडाला ओढतं. बाक हळूहळू भुसावळकडे वळत होते. मी हे चौकातल्या निर्मलकुमार शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात समजावून सांगितलं. शेठनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग माझे खिळे केव्हा निघणार, नाना?” ते म्हणाले. “वेळ सांगा, त्याआधी गिऱ्हाईक उरकतो.”

मोठ्या सिद्धांतांना सुरुवातीला विरोध होतोच. तरी मी तो मागे ठेवला आणि पाळत ठेवायचं ठरवलं. स्टँडवरचा नऊ नंबरचा बाक अजून सरळ होता. भर दुपारी, चव्वेचाळीस अंशांत, डोक्याला ओला रुमाल बांधून मी त्यावर बसलो. वर्तमानपत्राला दोन भोकं पाडून डोळे लावले. समोर भिंत होती. भिंतीवर शिकवणीची जाहिरात होती. तासाभरात ती मला पाठ झाली. गुन्हेगार मात्र पाठीमागे काय करत असेल ते कळेना. असं चालणार नव्हतं. धरणगावच्या बसची वाट पाहणारे चार जण उभे होते. त्यांना मी म्हणालो, “हात लावा रे, गावाचं काम आहे.” आम्ही बाक उचलून फिरवला. आता सगळा रस्ता दिसू लागला. ते चौघेही माझ्या शेजारी दाटीवाटीने बसले. वहीत मी लिहिलं: ‘आता गुन्हेगाराची सुटका नाही.’

थोड्या वेळाने बस आली, चौघे गेले. पंपावरून भागाबाई आल्या. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी. हंडा खाली ठेवून त्या बाकाच्या टोकाला टेकल्या आणि पदराने मान पुसली.

“काय नाना, कोणी सापडनं का?”

“जाळं आवळत आणलंय.”

“तुम्ही बठेल शेतस तो बाक काल तर भिंतकडे व्हता. कोणी फिरवा?”

मी वही बंद केली.

“पाळत ठेवायची होती,” मी म्हणालो. “रस्ता दिसत नव्हता.”

“मंग बठ्ठास्नं तेच शे ना,” भागाबाई म्हणाल्या. “बस येस का नही, हाई दखाले तोंड रस्ताकडे पाहिजे. भिंतमा काय दखनं?”

सगळ्यांचं तेच. अकरा बाक, आणि अकराही जिथे माणसं खरोखर बसतात तिथले. उरलेल्यांवर कोणी बसतच नव्हतं, म्हणून ते सरळ राहिले होते. ना कट, ना भुसावळ. मी त्या म्हशीची मनातल्या मनात माफी मागितली.

तेवढ्यात आबाच आले. त्यांनी मला पाहिलं, मग बाक पाहिला, मग मागे जाऊन भिंतीकडे वळलेलं आपलं नाव पाहिलं.

“बारावा,” ते म्हणाले.

“प्रयोग होता, आबा,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. छडा भागाबाईंनी लावला, हे मी सांगितलं नाही. ते त्यांनीच सांगितलं.

आबांनी एक हात खिशात घातला. “ठीक शे,” ते म्हणाले. “पाय सिमेंटात गाडून टाकतो. बघू कोण फिरवतो.”

“गाडा, आबा,” भागाबाई म्हणाल्या. “मंग रोज भिंतकडे तोंड करी बठनारा रोज इचार करी, हाई कोनी करं? मांगे नाव शेच लिहेल.”

आबांनी खिशातला हात बाहेर काढला. ते वाक्य त्यांना मतांच्या आकड्यांत ऐकू आलं असावं.

“मग नाव लिहू कुठे मी?”

“जी वस्तू कोनी फिरवाव नही, तिनावर. पाइपवर लिहा.”

“पाइप जमिनीत जातो, बाई.”

“मंग वरतून न्या.” भागाबाईंनी हंडा उचलून डोक्यावर ठेवला. “आम्हले पानी पाहिजे. पाइप खालतून येवो का वरतून.”

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी पाइपाचा विषय स्वतः मांडला. टाकीपासून शाळा मागच्या गल्लीने नव्वद फूट. पण त्या गल्लीत फक्त उकिरडा आहे, आणि उकिरड्याला मत नाही. म्हणून पाइप मुख्य रस्त्याने, चौकातून, स्टँडला वळसा घालून साडेसहाशे फूट न्यायचं ठरलं. जमिनीच्या वर, लोखंडी खांबांवर, डोळ्यांच्या उंचीला. काळ्या पाइपावर दर दहा फुटांवर पिवळं नाव. आपल्या दारावरून पाणी जाणार म्हटल्यावर सगळ्या सभेने हात वर केले. दर उंबऱ्याला वाटलं, एखादी तोटी आपल्यालाही मिळेल. भागाबाईंनी या वेळी एकच हात वर केला. गरज नव्हती.

पंधरा दिवसांत पाणी शाळेत पोचलं. आमच्या उन्हात काळ्या पाइपातून साडेसहाशे फूट चालून आलेलं पाणी इतकं कढत येतं, की भागाबाई तांदूळ धुतात तेव्हाच तो निम्मा शिजतो. प्यायचं पाणी त्या पहाटेच माठांत भरून ठेवतात. हंडे आता शाळेच्या खिडकीत पालथे असतात. समाधानभाऊंनी प्रचार सुरू केला आहे: मी आलो तर दुसरा पाइप, सावलीतून, गार पाण्याचा. शाळेतल्या पोरांना अजून मत नाही, पण दोन्ही पॅनेलं त्यांना तहान लागली का विचारत फिरतात.

ठरल्याप्रमाणे माझा चोविसावा बाकही आला. आबांनी तो माझ्या दारासमोर रस्त्याकडे पाठ करून ठेवला. दुसऱ्या दिवशी कुंदाबाई पदर खोचून बाहेर आली.

“उठा. एका बाजूने धरा, फिरवून टाकू. बसायला मेली भिंतच समोर.”

मी हललो नाही. समोर भिंत होती हे खरं. पण भिंतीवर निळी पाटी होती, आणि पाटीवर माझं नाव होतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “इथून बरं दिसतं.”