सुट्या व जड वस्तू

बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ शमता शमता वऱ्हाडावरून जाणार असल्याने तेल्हारा तालुक्यातील प्रत्येक घर सज्ज करण्याचे ठरले. सूचना किनारपट्टीवरून जशाच्या तशा मागवल्या होत्या. त्यामुळे 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे कलम गावाने पहिल्याच तासात पूर्ण केले आणि घरे सज्ज करायला आलेल्या पथकाचा हुरूप वाढला.

पथकप्रमुख गजेंद्र साहेब भाजी पिकवणाऱ्या सत्यभामाबाईंच्या दारी आले, तेव्हा त्यांचे यजमान उत्तमराव छपरावर आणखी एक गोटा ठेवत होते. घरावर पत्र्याच्या टिना, टिनांवर गोटे. मागच्या वावधनात, वादळी वाऱ्यात, शेजारच्या टिना उडाल्या, यांच्या जागेवर राहिल्या होत्या.

"घरावरील सुट्या व जड वस्तू तत्काळ उतरवाव्यात," साहेबांनी वाचले. "हे दगड सुटे आहेत?"

"सुटेच हायेत," उत्तमराव शिडीवरून म्हणाले.

"जड आहेत?"

उत्तमराव सरळ माणूस. तेही कबूल केले.

"मग उतरवा."

"आन् मंग टिना कशाच्या भरवशावर राहतीन?" सत्यभामाबाईंनी विचारले.

"टिना हा घराचा भाग आहे, बाई. घर सुट्या वस्तूंत मोडत नाही."

गोटे उतरले. उतरवलेल्या वस्तू सुरक्षित जागी ठेवायच्या होत्या, आणि घरात सुरक्षित जागा एकच, पलंगाखालची. ती गोट्यांनी भरल्यावर माणसे ओसरीत आली. दारावर 'सज्ज घर' असा कागद डकवून पथकाने फोटो काढला.

"आता काही हलवायचे नाही," साहेब म्हणाले. "फोटोत नसलेला दगड नंतर छपरावर दिसला, तर नुकसानभरपाई मिळणार नाही."

तेवढ्यात साहेबांना धामणगाव रेल्वे या गावाहून, त्यांच्या घरून, फोन आला. साहेब बाजूला सरकून हळू आवाजात म्हणाले, "गोठ्यावरचे गोटे? हात नको लावू त्याइले. आनखी ठेव." फोन खिशात गेला आणि साहेब पुढच्या घराकडे गेले.

सत्यभामाबाईंनी ऐकले होते. त्या यजमानांना म्हणाल्या, "चढा वरतं. गोटे देतो मी खालून."

"भरपाई जाईन ना."

"भरपाई डोक्यावर घेऊन झोपसान काय?"

उत्तमराव विचार करत शिडीशी थांबले. वारा थांबला नाही. पहिली टिन फडफडली तशी बाईंनी तिचा कोपरा धरला आणि गल्लीला हाक दिली, "एक हात लावा ना कोनी." गल्ली सगळी बाहेर आलेली होती, पण एकाचाही हात मोकळा नव्हता. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. टिना कडुनिंबावरून पलीकडच्या वावरात गेल्या.

भरपाईच्या अर्जावर उत्तर लगेच आले. सज्ज घराचे नुकसान होत नाही. झाले असेल, तर घर सज्ज नव्हते आणि सज्ज नसलेले घर भरपाईस पात्र नाही. तालुक्याच्या अहवालात मात्र एकही मच्छीमार दगावला नसल्याची समाधानपूर्वक नोंद झाली.

सत्यभामाबाई सध्या ताडपत्रीखाली राहतात. उडत्या टिनांमागे पदर खोचून धावतानाची त्यांची चित्रफीत तुम्ही पाहिली आहे. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारा पिवळा चेहरा जोडून ती मला तुम्हीच पाठवली होती.