बिबड्यांची सरकारी फरशी

बिबडे घालावेत तर मीच! माझ्या बिबड्यातून पलीकडचा पेपर वाचता येतो, चष्म्याशिवाय!

नात हर्षदाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. रुखवतात एकशे एक बिबडे, ज्वारीचे पापड हो, मांडायचे होते. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या खोलीला गच्ची कुठली? पण समोर सरकारी महाल आहे ना! नऊ वर्षं बांधतायत. चौदा कमानी, हत्ती शिरेल एवढा दरवाजा, घुमटाचा नुसता सांगाडा, आणि आत फरशीसुद्धा नाही! ऊन मात्र रग्गड. घातले तिथेच.

तेवढ्यात वॉचमन पंडित आला. "मौसी, ये क्या पसारा? उठाओ!"

"अरे, पाय लावशील! राजस्थानची फरशी आहे ती. ओली असते, उन्हात पिकली की संगमरवर होतो. साहेबांनीच घालायला लावलीय!"

वाटलं, हसेल. त्याने तर चपला काढून हात जोडले!

आणि साहेबाला फोनही केला. उद्या वरून तपासणी, दाखवायला नऊ वर्षांत काही नाही. इंजिनीअर पळतच आला. लांबूनच फोटो काढला, दोरी बांधली, पाटी लावली: 'फरशीचं काम चालू'!

सून जयश्री कडाडली, "आई, तुमच्या तोंडाला कुलूप लावू का? हर्षदाच्या होणाऱ्या सासूने, सरलाबाईंनी, चार गावांत सांगून ठेवलंय तुमच्या बिबड्यांचं!"

जिवाला चैन पडेना. दहा चकरा मारल्या. शेवटी इंजिनीअरला गाठलं.

"साहेब, खोटं बोलले. ते बिबडे आहेत हो! ज्वारी, तीळ, लसूण!"

"बा, फोटो उपर गयो. हवे ए फरशी छे!" म्हणजे, आता ती फरशीच!

"एक तळून दाखवते!"

"सरकारी माल तळशो?"

दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले. मोठ्या साहेबांनी फरशीवर बूट ठेवला. कर्रर्र!

"फारच पातळ!"

"नवी डिझाइन, सर!" इंजिनीअर म्हणाला.

पास! वर आणखी दोन वॉचमन बसवले.

लग्नात रुखवताचं ताट रिकामं. सरलाबाईंनी विचारलं, "आजी, बिबडे?"

मी सगळं खरं सांगितलं. अक्षरन् अक्षर! मांडव हसून लोळला.

सरलाबाईंनी माझा हात थोपटला. "जमले नाहीत म्हणायचं सरळ. वय झालं आता तुमचं!"


मी गप्प बसले. जयश्री म्हणते, तिने हे पहिल्यांदाच पाहिलं!