पार्वताबाईंचा रोजचा वाढदिवस

“अख्खी साइट एका दुपारात धुऊन काढते! चिऊ झोपली रे झोपली, की मी बसलेच!”

रुचितानं हे सकाळी आठला, नवऱ्याच्या डब्याच्या पोळ्या लाटता लाटता जाहीर केलं. नवरा अश्वजित भंडाऱ्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचा. शहापूरच्या मैत्री मंडळाची वेबसाइट त्यानंच तीन वर्षांपूर्वी उभी केली होती. दर घराचं एक पान. त्यावर फोटो, नावं, जन्मतारखा. शिवाय ‘आजचे वाढदिवस’ म्हणून वेगळं पान. आणि दर पानाच्या पोटात त्यानं कोड असा कोंबला होता, जशी पंगतीत दर पाहुण्यापुढे वेगळी चूल मांडावी!

“चालून राह्यली ना साइट? मंग कायले हात लावतं?” अश्वजित म्हणाला.

“कुठल्या पानात काय शिजतंय, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? मी टॅग बनवणार. स्वयंपाकघर एकच! पानानं फक्त टॅगचं नाव घ्यायचं, की ताट वाढून हजर. बदल एका जागी केला, की सगळीकडे झाला!”

नागपूरच्या कंपनीत चार वर्षं तिनं हेच केलं होतं. चिऊ झाली, नोकरी सुटली. चिऊला आता वर्ष झालं होतं, आणि वर्षभरात कीबोर्डवर रुचितापेक्षा चिऊचेच हात जास्त पडले होते.

“फक्त आईचं नाव काढू नको,” जाता जाता अश्वजित म्हणाला.

हे सांगायची गरज नव्हती. पार्वताबाईंना जाऊन सात महिने झाले होते. यादीतलं त्यांचं नाव काढू द्यायला रुचिताचे सासरे बाबुलाल तयार नव्हते. टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज चारच्या ठोक्याला चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसायचा, घरचं पान उघडायचा, पाच मिनिटं बघायचा आणि उठायचा. त्या पाच मिनिटांत घरात कुणी मिक्सरसुद्धा लावायचं नाही. दिवसभरातलं त्यांचं सुख म्हणजे तेवढंच होतं.

चिऊ झोपली. रुचितानं पदर खोचला. पान उघडायचं, कोड उपटायचा, टॅग लावायचा! भराभर! शेवटी स्वतःच्या घरचं पान आलं, आणि त्यात पाच विचित्र ओळी निघाल्या. नाव पार्वताबाई असेल तर, तारीख कुठलीही असो, वाढदिवस आजच, असं काहीतरी. शेजारी ना टीप, ना खुलासा. नवऱ्यानं कधीतरी करून पाहिलेला प्रयोग असणार! तिनं त्या ओळी भातातल्या खड्यासारख्या वेचून फेकल्या.

चार वाजले. बाबुलाल बसले. पान उघडलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“बेटा, आज नाही का?”

“काय मामाजी?”

“काही नाही.” ते उठले. चहा तसाच, साय धरलेला.

संध्याकाळी अश्वजितनं उलगडा केला. “आईले तिची जन्मतारीख मालूमच नोयती. साइट झाली तेव्हा म्हणे, सगळ्यायचे वाढदिवस येतात, माहाच कधी येत नाही. मंग मी त्या ओळी टाकल्या. पान उघडलं का फोटोखाली यायचं, ‘आज पार्वताबाईंचा वाढदिवस. मंगल कामना!’ रोज! ती हासे. म्हणे, अशानं मी दिवाळीपर्यंत शंभरी गाठन. बाबा तेच वाचाले बसतात.”

रुचिताला वाटलं, त्या साय धरलेल्या कपातच बुडून जावं.

“माह्या पाच ओळी परत टाक, झालं,” तो म्हणाला.

झालं असतं! पण पुन्हा पानात कोड? तिच्या हातून? “टॅगमध्येच करते,” ती म्हणाली. मात्र टॅगमध्ये एकाच बाईचं नाव घालणं तिला लाजिरवाणं वाटलं. टॅग कसा सगळ्यांना सारखा हवा. म्हणून तिनं देखणा नियम लिहिला: ज्यांची जन्मतारीख कोरी, त्यांचा वाढदिवस आज. तारीख कोरी म्हणजे सासूबाईच ना! आणखी कोण असणार?

घरचं पान उघडून पाहिलं. ओळ आली होती. तिनं बाबुलालांना हाक मारली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“आली,” एवढंच म्हणाले. त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

सकाळी सहाला विहारात वंदना झाली, आणि मंडळाचे सचिव मधुकरराव भोंग्याच्या माइकसमोर उभे राहिले. वाचनालयातल्या संगणकावरून ‘आजचे वाढदिवस’ कागदावर काढून वाचायचे, हा त्यांचा रोजचा नेम. एरवी एखादं नाव, फार तर दोन.

“आजचे वाढदिवस! अंजनाबाई! उषाबाई! कचरू गुरुजी! काशीबाई! केशरबाई!...”

रुचिताच्या हातातली दुधाची वाटी तशीच राहिली. त्याही पानाला तिनं तोच टॅग लावला होता! आणि गावातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाकडे जन्मतारीख नव्हती! एकसष्ट नावं! त्यांची माय म्हणायची, धानाचा रोवणा चालू होता तेव्हा झाला. तेवढ्यावर अख्खा जन्म निघाला होता.

यादी बाराखडीनं चालली होती. ‘क’ संपला, ‘ग’ लागला. ‘प’ यायचा होता!

तिनं चिऊला कडेवर मारलं आणि विहाराकडे धावली. फाटकातच केशरबाई! नवं लुगडं घाईनं गुंडाळलेलं, डोक्याला चोपडून तेल, डोळ्यांत पाणी.

“बाई, मायी तारीख तुले कोनं सांगतली वं? मले तं मालूम नोयती!”

“मावशी, जाऊ द्या मला, नंतर सांगते!”

“जाशीन कुठी? आदी पाया पडू दे तुह्या!”

“अहो, तुम्ही काय माझ्या पाया पडता!”

ही ओढाताण चालू असतानाच भोंगा दौडत गेला. “तुळसाबाई! दादाजी! नथ्थूजी! पार्वताबाई...”

आणि थांबला.

नुसती घरघर. सात महिन्यांपूर्वी पार्वताबाईंच्या पुण्यानुमोदनाला, त्या श्रद्धांजली सभेत, मधुकररावच बोलले होते. गावातले हातपंप थांबले, खराटे थांबले. अंगणात बाबुलाल तोंडात दातण धरून उभे होते.

“...यायलेबी,” भोंग्यातून हळू आवाज आला, “मंगल कामना.”

“पार्वतेचाबी आजच?” केशरबाई खाली बसली. “आमी दोघी संगंच धानाच्या बांधीत उतरत होतो.” आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

रुचिता सासऱ्यांसमोर गेली. “मामाजी, चुकलं माझं. ते फक्त तुमचं होतं. मी गावभर केलं.”

बाबुलालांनी तोंडातलं दातण काढलं.

“आज तारीख कोनती, बेटा?”

“अठरा नोव्हेंबर.”

“तिले तारीख भेटली मंग.” त्यांनी दातण फेकलं. “अख्ख्या गावानं आयकली, आता बदलत नाही. त्या कोऱ्या जागेत लिहून टाक. रोजचं बंद कर. रोज रोज ते खोटं होतं. मले मालूम होतं.”

“मग वर्षातून एकदाच येईल, मामाजी.”

“सगळ्यायचा तसाच येते.”

दिवसभर शिरा भाजून रुचिताचा हात दुखला. एकसष्ट वाढदिवस, त्यातले साठ जिवंत आणि भुकेले!

चारला बाबुलाल शेजारी बसले. तिनं तो नियम टॅगमधून काढला आणि कोऱ्या जागेत अठरा नोव्हेंबर लिहिलं. संगणक अडून बसला. साल टाका म्हणे!

“साल कोणतं टाकू?”

“मले काय मालूम! यंदाचंच टाक. आजच तं भेटली तारीख.”

तिनं टाकलं. फोटोखाली लगेच उमटलं: पार्वताबाई, वय शून्य वर्षे.

रुचितानं जीभ चावली, खोडायला हात पुढे केला. बाबुलालांनी तो धरला. सात महिन्यांत पहिल्यांदा ते हसत होते. हसता हसता चष्म्याच्या काचा भिजल्या. त्यांनी चिऊला उचललं आणि पडद्याजवळ नेलं.

“पाह्य! आजी लहान हाय तुह्याहून. सांभाळून घेजो तिले.”

चूक ढळढळीत आहे. कुठल्याही शिकाऊ पोरीला दिसावी अशी. पण मंडळाच्या साइटवर पार्वताबाई आजही आपल्या नातीपेक्षा एका वर्षानं लहान आहेत, आणि रुचिताला ती दुरुस्त करायला वेळ काही मिळालेला नाही!