आपल्या माणसांसाठी शंभर टक्के

सॉफ्टवेअर कुठलंही असो, माझ्यापुढे ते दोन दिवसांत मान टाकतं! हे मी नाही, आमचे ताहिरभाई म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.

ताहिरभाई माझे साहेब. बहरीनमध्ये सलमाबादला आमची कंपनी आहे. घरं, ऑफिसं, शाळा घासूनपुसून लख्ख करून देणं हा धंदा. पूर्वी गिऱ्हाईक फोन करायचं आणि आम्ही व्हॉट्सअॅपवर दर पाठवायचो. मग ताहिरभाईंनी बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रपोजल बनवायचं : काय साफ करणार, किती माणसं, केव्हा. गिऱ्हाइकाला लिंक जाते. ती उघडून ज्यानं नाव-पत्ता भरला आणि हिरवं बटण दाबलं, त्याचं बुकिंग पक्कं! मध्ये कुणाला डोकं लावावं लागत नाही. घोळ झाला तो तिथेच.

"गौरवभाई, महमुदा मॅडम के नर्सरी स्कूल का प्रपोजल तुम बनाओ," ताहिरभाई म्हणाले. "अॅक्सेप्ट हुआ, तो दिवाली की छुट्टी पक्की. यल्ला, शुरू करो!"

सुट्टी! सहा वर्षं मी दिवाळीला नाशिकला गेलो नव्हतो. वडील दर वर्षी फोनवर "बरं, पुढच्या वर्षी ये" म्हणतात, आणि हल्ली ते म्हणण्याआधी जरा थांबतात. ते थांबणं मला ऐकवत नाही. यंदा काहीही करून जायचंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी आधी हात साफ करावा म्हणून एक खोटं प्रपोजल बनवलं. गिऱ्हाईक : माझी बायको कस्तुरी. जागा : आमचा अरादचा फ्लॅट. काम : अख्खं घर, पंखे, किचनचा एक्झॉस्ट. सवलतीचा रकाना दिसला, त्यात ठोकून दिलं शंभर टक्के! खाली संदेश लिहिला, "आपल्या माणसांसाठी खास दिवाळी भेट." मोबाइलवर कसं दिसतं ते बघायला पाठवूनही दिलं. मग नर्सरीचं खरं प्रपोजल मन लावून लिहिलं, धाडलं आणि शीळ घालत घरी गेलो.

"काय गोड आहेस रे!" कस्तुरी दारातच म्हणाली. "मी लगेच बटण दाबलं!"

अगं, ते नुसतं प्रॅक्टिसचं होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या नोकरीबद्दल तिच्या चेहऱ्यावर आदर मी पहिल्यांदाच बघत होतो. तोंड मिटलं. एकच तर घर आहे, शुक्र-शनिची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की गुपचूप काढून टाकू!

रविवारी ताहिरभाई माझ्या टेबलापाशी हात पसरून उभे.

"मुबारक हो! दो दिन में उनतीस बुकिंग! ये पुष्पलता, सीमा, गोपीनाथ... कौन हैं ये लोग?"

मग त्यांची नजर सवलतीच्या रकान्यावर गेली. त्यांचे हात हळूहळू खाली आले.

मी बाहेर पळालो आणि कस्तुरीला फोन लावला. "लिंक कुणाला पाठवलीस तू?"

"मंडळाच्या ग्रुपवर. 'आपल्या माणसांसाठी' असं तूच लिहिलंस ना? मग मी एकटीनंच घ्यायचं का?"

मराठी मंडळाचा ग्रुप मी सुप्रभातच्या फुलांना कंटाळून म्यूट केला होता. उघडला, तर एकशे चौदा मेसेज! निम्मे नुसते जोडलेले हात. गोपीनाथकाकांनी लिहिलं होतं, "गौरव, बाल्कनीत कबुतरांनी केलेलंही बघशील ना, बाळा?"

"मी सगळं कॅन्सल करतोय," मी म्हणालो.

"कर की! पुष्पलताताईंनी फ्रिज रिकामा करून ठेवलाय. मंडळाच्या फराळाला मग तू एकटाच जा."

आत आलो, तर महमुदा मॅडमचा फोन स्पीकरवर चालू. बाई बहरीनच्या, पण हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार.

"ताहिर, मैं बटन दबाती हूँ तो लिखता है, दिवाली तक कोई टीम खाली नहीं! इतना काम है तुम्हारे पास?"

ताहिरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"मतलब काम अच्छा करते हो," मॅडम म्हणाल्या. "जो पहली तारीख खाली है, वो दे दो. और जिसने प्रपोजल लिखा, वो आदमी खुद आएगा. खलास."

पहिली मोकळी तारीख होती लक्ष्मीपूजनाची!

"छुट्टी मंजूर," फोन ठेवून ताहिरभाई थंडपणे म्हणाले. "दिवाली के बाद. और उनतीस घर कंपनी ने लिखकर दिए हैं, तो होंगे. टीम के साथ तुम भी झाड़ू उठाओगे."

उचलला! नऊ दिवस मी आपल्या माणसांचे एक्झॉस्ट खरवडले. सीमाताई मागे उभ्या राहून "तो कोपरा राहिला" म्हणायच्या, आणि तो खरंच राहिलेला असायचा. एकोणतिसावं घर आमचंच होतं. ते होताच कस्तुरी ठरल्याप्रमाणे नाशिकला जायला विमानात बसली, एकटीच.

लक्ष्मीपूजनाला मी नर्सरीतल्या वीतभर खुर्च्यांखालचं च्युइंगगम काढत होतो, तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. पणत्या, चकल्या, सगळं घर गोळा झालेलं.

"बरं, मग..." वडील म्हणाले आणि थांबले. मी डोळे मिटून घेतले.

"मग तुळशीच्या लग्नाला ये," ते म्हणाले. मागे सगळे खो खो हसत होते. सूनबाईंनी सगळं सांगितलेलं दिसत होतं!

फोन ठेवला तोच सॉफ्टवेअरचा मेसेज आला : नवीन बुकिंग, क्रमांक तीस. ती लिंक बंद कशी करायची हे मला तोवर सापडलंच नव्हतं. गिऱ्हाईक : माझे वडील. जागा : नाशिक. तारीख : तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस. सवलत : शंभर टक्के. खाली शेरा : "माळा. सहा वर्षं तुझीच वाट बघतोय."

हे सगळं मी त्याच माळ्यावर बसून लिहितोय. लिंक अजून चालू आहे. तुम्हाला कुठून मिळालीच, तर कृपा करून ते हिरवं बटण तेवढं दाबू नका!