आगाऊ जेवण

"आरक्षण?" दारातल्या मुलीनं हसत विचारलं.

"जेवण," साहेब म्हणाले.

मुलगी समुद्री चाच्याच्या वेषात होती. डोक्याला लाल फडकं, कमरेला लाकडी तलवार. तिच्या मागे करमणूक उद्यानातलं जहाजाच्या आकाराचं उपाहारगृह होतं आणि आतून सुपाचा वास येत होता. साहेबांनी आपलं मनगट तिच्यापुढे धरलं. मनगटावर सोनेरी पट्टी होती. तशीच पट्टी त्यांच्या बायकोच्या, आईच्या आणि दहा वर्षांच्या मुलीच्या हातातही होती. पट्टीवर लिहिलं होतं, 'राजेशाही भोजन योजना'.

"जेवण आधीच घेतलंय आम्ही. दोन महिन्यांपूर्वी. चौघांचं."

"हो काका, जेवण आहे तुमचं," मुलगी म्हणाली. "टेबल नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवणाचे पैसे भरलेत, पण टेबल राखून ठेवलेलं नाही. बसून जेवायचं तर टेबल आधी राखावं लागतं."

"मग उभ्यानं जेवतो!"

"उभ्यानं जेवायची योजना वेगळी आहे," मुलगी म्हणाली. तिचं हसू जराही हललं नाही.

साहेब विमा कंपनीत दाव्यांची छाननी करत. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची गाडी पाण्यात बुडाली, की कागद त्यांच्या टेबलावर येत आणि बहुतेक तिथूनच परत जात. कचेरीत त्यांना पाठीमागे 'कलमकसाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अशा माणसाला एका लाकडी तलवारवाल्या पोरीनं अट दाखवावी, हे त्यांच्या फारच जिव्हारी लागलं.

"मी अकरा पानी करार वाचलाय," ते कडाडले. "शब्दन् शब्द! त्यात आरक्षणाचा उल्लेख नाही."

"करारात नाही काका, अभिनंदनाच्या मेलमध्ये आहे. नाचणाऱ्या सशाच्या खाली."

"अभिनंदनाच्या मेलमध्ये अटी घालतात का कुणी? अभिनंदन वाचतं कोण?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आम्ही वाचलं." आणि एक सहा जणांचं कुटुंब साहेबांच्या बाजूनं, त्यांची नजर चुकवत, जहाजात चढलं.

साहेबांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या शाळेत कवायत शिकवायच्या. बाईंचा आवाज मैदानाला पुरेल इतका होता, पण त्या वेळी त्यांनी तो मुद्दाम खाली घेतला. "मी म्हणत होते डबा घेऊ या."

"डबा आत आणू देत नाहीत."

"ते आपल्याला फाटकावर कळलं. डबा घेऊ नका असं तुम्ही घरीच सांगितलंत. 'आपण राजेशाही योजनेतले, डबेवाले नव्हे.' कोण म्हणालं होतं?"

"मुद्दा डब्याचा नाही, तत्त्वाचा आहे!"

"मुद्दा एक वाजताच्या गोळीचा आहे," आजी म्हणाल्या. आजी म्हणजे साहेबांच्या आई. त्यांना जेवणानंतर एक गोळी घ्यावी लागे आणि पोटात काही नसताना ती घेतली तर भोवळ येई. "तत्त्व गिळून गोळी घेता येत असेल तर दे बाबा."

साहेबांनी फोन काढला. उद्यानाच्या अॅपवर उपाहारगृहांची यादी होती. एकूण सात. सहा ठिकाणी लाल फुली. समुद्रतळाच्या उपाहारगृहात एक टेबल मोकळं दिसत होतं. साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"तिघांसाठी आहे," ते म्हणाले.

बायको, आई आणि मुलगी, तिघींनी एकदम साहेबांकडे पाहिलं.

"असं काय बघता? मी बाहेर थांबायचं? योजना मी शोधली!"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या.

हा वाद चालू असतानाच ते टेबलही गेलं. पण तेवढ्यात उद्यानाच्या पार दुसऱ्या टोकाला, ज्वालामुखीजवळ, चौघांचं टेबल झळकलं. बारा पन्नासला. घड्याळात बारा बेचाळीस झाले होते.

"पळा!" साहेब ओरडले.

बाई अशा सुटल्या की वाटेतल्या बाबागाड्या आपोआप बाजूला झाल्या. शाळेत पन्नास पोरांना मागे टाकणाऱ्या बाई त्या. बारा एकोणपन्नासला त्या ज्वालामुखीच्या दारात होत्या. बारा पन्नासला मुलगी पोचली. बारा त्रेपन्नला साहेब आले, तेही दाराच्या खांबाला धरूनच उभे राहू शकले.

"सगळे आलात का?" दारातल्या माणसानं विचारलं. "सगळे आल्याशिवाय बसवता येत नाही."

चौघांनी, म्हणजे तिघांनी, मागे वळून पाहिलं. लांबवर, कारंज्याच्या पलीकडून, आजी सावकाश येत होत्या. मध्येच थांबून त्या एका बाईला तिच्या लेकराच्या टोपीची शिवण कशी उसवली आहे ते दाखवत होत्या.

"आई, चल ना गं!" साहेब जिवाच्या आकांतानं ओरडले.

"अरे, काय आग लागलीय का?" आजींनी तिथूनच विचारलं. त्याच क्षणी ज्वालामुखीतून ठरलेल्या वेळेचा धूर निघाला आणि दारातल्या माणसानं ते टेबल दुसऱ्या चौघांना दिलं.

आता मात्र साहेब पेटले. त्यांनी सगळ्यांना घेऊन थेट तक्रारीची खिडकी गाठली. तिच्यावर पाटी होती, 'आनंद सेवा केंद्र'. आत एक तरुण निवांत बसला होता. समोर एकही माणूस नव्हता.

"मला तक्रार करायचीय," साहेब म्हणाले.

"जरूर. वेळ घेतलीय का?"

"कसली वेळ?"

"तक्रारीची. आजच्या सगळ्या वेळा भरल्यात."

"अहो, इथे चिटपाखरू नाही!"

"ते अजून यायचेत ना," तरुण समजुतीनं म्हणाला. साहेबांचे कान लाल झाले. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तरुणालाही कदाचित दया आली असावी. त्यानं यंत्रावर काहीतरी खाटखुट केलं. "राजवाड्याच्या प्रतीक्षा यादीत घालतो तुम्हाला. कुणी आलं नाही तर फोनवर निरोप येईल. तोवर तुमच्या योजनेतला खाऊ घ्या. त्याला टेबल लागत नाही."

खाऊ म्हणजे पॉपकॉर्न. चार बादल्या पॉपकॉर्न घेऊन चौघं एका कट्ट्यावर बसले. एक वाजून गेला होता. आजींच्या कवळीत पॉपकॉर्नची टरफलं अडकू लागली, तेव्हा त्यांनी एकेक दाणा चोखून खायला सुरुवात केली. साहेबांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात ते तक्रारीचा मसुदा करत होते आणि तो तिसऱ्या पानावर पोचला होता.

"बाबा, अस्वल रडतंय," मुलगी म्हणाली.

खरंच, झुडपाआड एक भलंमोठं तपकिरी अस्वल, उद्यानाचं लाडकं अस्वल, पाठमोरं होऊन मुसमुसत होतं. त्याची पाठ मानेपासून शेपटापर्यंत उसवली होती आणि आतून एका स्थूल माणसाचं घामेजलेलं बनियन दिसत होतं.

"काय झालं रे बाबा?" आजींनी विचारलं.

"एक पोरगं शेपटीला लोंबकळलं हो आजी," अस्वलाच्या डोक्यातून घोगरा आवाज आला. "दहा मिनिटांत मिरवणूक आहे. असा गेलो तर पोरं घाबरतील. आणि आमची मुकादम मला घरी बसवेल."

आजींनी चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं. त्यांच्या पिशवीत एक वेळ पैसे नसत, पण सुई असे. "वळ," त्या म्हणाल्या. "आणि हुंदके देऊ नकोस, टाका वाकडा येतो." अस्वल कट्ट्यावर पालथं पडलं. आजींनी दुहेरी दोरा ओवला आणि आठ मिनिटांत पाठ अशी शिवली की जुन्या शिवणीलाच लाज वाटावी.

अस्वलानं उठून खांदे हलवून पाहिले. "आजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"मला काहीतरी धड खायला दे. गोळी घ्यायचीय."

मिरवणुकीला पळण्याआधी अस्वलानं एका हिरव्या दारावर थाप मारली आणि चौघांना आत ढकललं. दाराआड कामगारांचं जेवणघर होतं. लांबलचक बाकं, स्टीलचे पेले, वाफाळती पातेली. एका बाकावर दोन पऱ्या पंख काढून भात खात होत्या. शेजारी एक सांगाडा अंडं सोलत होता. पातेल्यामागे उभी असलेली मावशी ओरडली, "अस्वलाची माणसं का? बसा, बसा! ताटं घ्या!"

गरम भात, लसणीचा वास येणारी डाळ, भाजलेले बटाटे, वर दह्याची वाटी. आजींनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. मुलीनं बटाटे दुसऱ्यांदा मागितले. बाईंनी तर डाळीची वाटीच तोंडाला लावली.

साहेब मात्र ताटासमोर ताठ बसले होते. "मावशी, ही पट्टी कुठे लावायची?"

"कसली पट्टी?"

"जेवणाची. आमचं जेवण भरलेलं आहे."

"इथे पट्टी चालत नाही. इथे भूक चालते. जेवा."

"असं कसं? मी फुकट का जेवू? माझ्या हक्काचं जेवण आहे ना! तुम्ही कुठेतरी नोंद करा."

"अहो," बाई दातओठ खाऊन म्हणाल्या, "तो सांगाडा बघतोय. जेवा."

साहेब जेवले. रागारागानं जेवले. पहिला भात अपमान म्हणून, दुसरा निषेध म्हणून आणि तिसरा, खरं सांगायचं तर, डाळ फारच चांगली होती म्हणून. शेवटी मावशीनं वाढलेली खीर नको नको म्हणत दोनदा घेतली आणि कमरेचा पट्टा दोन भोकं सैल केला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी निरोप वाचला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"राजवाड्यात चौघांचं टेबल मिळालंय. पंधरा मिनिटांत हजर राहायचंय. नाही राहिलो तर जेवण वापरलं असं धरतील."

"धरू देत," बाई म्हणाल्या. "माझ्यात एक शीतही मावणार नाही."

"वाऽ! म्हणजे जेवण त्यांनी गिळंकृत करायचं? ते काही नाही. उठा!"

राजवाड्यात टेबलांवर शुभ्र चादरी होत्या, मेणबत्त्या होत्या आणि वाढप्याच्या हातात पांढरे हातमोजे होते. चौघं पोट सांभाळत खुर्च्यांवर टेकले. पहिलं सूप आलं. कुणीच चमचा उचलला नाही. मग भाज्यांचं ताट आलं. मुलीनं हळूच ढेकर दिला. "काही चुकलं का आमचं?" वाढप्यानं काळजीनं विचारलं.

"बांधून मिळेल?" आजींनी विचारलं.

"राजवाड्यातलं बाहेर जात नाही, आजी."

साहेबांनी निर्धारानं एक चमचा सूप तोंडात घातलं आणि ते गिळावं की नाही याचा विचार करत बसले. इतक्यात दारातून आवाज आला.

"जेवणाचे पैसे भरलेत मी! मग टेबल नाही म्हणजे काय? हा काय न्याय झाला?"

दारात एक घामाघूम गृहस्थ सोनेरी पट्टी उगारून उभा होता. मागे त्याची बायको आणि दोन पोरं, चेहरे सुकलेले. धाकटं पोरगं तर खांबाला टेकून पेंगत होतं. साहेबांनी सूप गिळलं. ते उठले, दारात गेले आणि द्वारपालाला म्हणाले, "यांना आमच्या टेबलावर बसू द्या. आम्ही उठतो."

"टेबल दुसऱ्यांना देता येत नाही साहेब. फक्त कुटुंबासाठी आहे."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कलम आठवायचा प्रयत्न न करता थाप मारली. "मग कुटुंबातलेच आहेत हे. माझा भाऊ."

द्वारपालानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एक उंच, काटकुळा. दुसरा बुटका, गोल. "सख्खा?"

तोवर आजी येऊन पोचल्या होत्या. त्यांनी त्या गृहस्थाचा कान धरला. "कुठे उलथला होतास रे? सकाळपासून शोधतेय. पोरांना उपाशी ठेवतोस?"

गृहस्थ क्षणभर भांबावला, पण भूक माणसाला चटकन शहाणं करते. "चुकलं आई," तो म्हणाला. "गर्दीत वाट हुकली."

आजींनी त्या दोन्ही पोरांना हाताला धरून आत नेलं, नॅपकिन गळ्याशी खोचले आणि सूप त्यांच्यापुढे सरकवलं. पोरं तुटून पडली. त्यांची आई डोळे पुसत म्हणाली, "ताई, कसे आभार मानू?" बाईंनी तिचा खांदा थोपटला. साहेबांना बऱ्याच वेळानं मोकळा श्वास घेता आला. हे चौघं हलकेच बाहेर पडले.

पायऱ्या उतरताना उघड्या खिडकीतून त्या गृहस्थाचा आवाज आला. तोंडात घास होता आणि कानाला फोन.

"छे रे! ओळख नाही, वशिला नाही. मी असा आवाज चढवला ना, की झक मारत टेबल दिलं! एक येडा तर उठूनच गेला बिचारा, घाबरून!"

साहेब पायरीवरच थबकले. कान पुन्हा लाल झाले. ते गर्रकन वळणार, तोच आजींनी त्यांचं मनगट पकडलं.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "धाकटा आहे तुझ्याहून."