टॉवेलाखालचा मोडेम

कंपनीची जीप घोडेगावच्या जनावरांच्या बाजारासमोर वाफ सोडत थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, “आता ही हलत न्हाई, साहेब.”

नितीन सबनीसनं घड्याळ बघितलं. सुप्याच्या कारखान्याचं दरपत्रक बाराच्या आत औरंगाबादच्या कंपनीत पोचलं नाही, तर ऑर्डर दुसऱ्याच्या घशात जाणार होती. आणि तिच्या मागोमाग नितीनची अजून कायम न झालेली नोकरी.

एसटीडी बूथची लाईन मेलेली. पण साल नव्याण्णव होतं आणि साहेबांनी विश्वासानं दिलेले दोन चमत्कार नितीनजवळ होते: लॅपटॉप आणि मोबाईल. मोबाईलच्या डोक्यावर एक काळी काच, लॅपटॉपच्या कुशीला तसलीच दुसरी. दोन्ही समोरासमोर आणल्या की वायरीशिवाय मोबाईलचा मोडेम व्हायचा आणि ईमेल जायचा. फक्त मोबाईलला रेंजची रेघ हवी. ती अख्ख्या बाजारात एकाच जागी उगवली: पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर, एका म्हशीच्या शेजारी.

नितीननं काचा जुळवल्या. फोन लागला. पडद्यावरची निळी पट्टी सरकायला लागली आणि

तुटलं.

ऊन. उन्हात काचांना एकमेकींची ओळख पटत नव्हती. नितीननं ड्रायव्हरचा टॉवेल दोन्हींवर पसरला, फोन हलू नये म्हणून हात आत घातला, पट्टी पुन्हा

तुटलं. टॉवेल फार विरलेला होता.

म्हशीचे मालक रंभाजी हे सगळं लांबून निरखत होते. म्हशीजवळ घामाघूम बसलेला माणूस, पुढं कापड, कापडाखाली हात. रंभाजींनी जन्मभर सौदे असेच केले होते: कापडाखाली बोटं धरायची, बोटांनी भाव सांगायचा, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ते समोर उकिडवे बसले आणि काही न विचारता त्यांनी आपला हात टॉवेलाखाली सारला.

नितीनला विंचू चावल्यासारखं झालं. “ओ बाबा, काय करताय?”

“हळू बोला,” रंभाजी म्हणाले. “बाजार ऐकतोय.”

नितीन हात सोडवणार, एवढ्यात पट्टी सरकली. त्या रुंद पंजाची काचांवर दाट सावली पडली होती. रंभाजींनी हात मागं घेतला. पट्टी थांबली. नितीननं झडप घालून हात परत ओढला; दोन बोटं हाती लागली, ती घट्ट धरली. पट्टी सरकली.

भोवती माणसं जमली. “कंप्युटरात बघून मागतोय,” गोरक्ष दलाल शेजारच्याला म्हणाला. “पुन्याचा हाय. म्हशीचे दातसुदीक बघितले न्हाईत.”

“बाबा, सोडू नका,” नितीन कळवळला.

“सोडतोय कशाला? तुमी वाढा.”

नितीनचे डोळे पट्टीवर. “अजून जरा. अजून. अजून थोडं.”

रंभाजींनी आ वासला. एवढं वाढणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. गर्दीत एकानं टोपी काढून डोकं खाजवलं.

पट्टी काठाला टेकली. गेला ईमेल. नितीननं रंभाजींचा अख्खा पंजा आवळला आणि गदागदा हलवला.

“जमलं,” गोरक्ष म्हणाला. म्हशीच्या कपाळावर गुलाल पडला आणि कासरा नितीनच्या हातात आला.

“अहो, मी ईमेल पाठवत होतो.”

“ते काय बी पाठवा. बोटं दिली म्हंजे शब्द दिला.”

“पण मी घेतली कितीला?”

रंभाजी दचकले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “आसं चारचौघांत इचारत्यात व्हय?”

तेवढ्यात मोबाईल वाजला. के. बी. साहेब. कारखान्यात त्यांच्या तोंडून इंग्रजीशिवाय काही कुणी ऐकलं नव्हतं.

“वेल डन, सबनीस. दे गॉट इट. व्हेअर आर यू?”

“घोडेगावात, सर. बाजारात.” नितीननं कासरा दुसऱ्या हातात घेतला. “सर, मेल पाठवताना माझ्याकडून एक म्हैस घेतली गेली.”

नितीनला वाटलं, लाईन तुटली. मग वाटलं, नोकरीही.

मग साहेबांचा आवाज आला, अगदी हळू, केबिनचं दार लावून घेतल्यासारखा.

“कितव्या वेताची हाय?”